‘ला’ एक, इंग्रजीत तऱ्हा अनेक!

परवा दुपारी शेजारच्या वहिनी एक चुरगळलेला कागद घेऊन आल्या. चेहरा अगदी उतरलेला. नातवाचा पहिला वाढदिवस जवळ आलाय. सूनबाई कोचीची. तिच्या आईला मराठी येत नाही, वहिनींना मल्याळम येत नाही. तेव्हा विहिणीविहिणींना बोलायला उरली ती इंग्रजी. वहिनींनी धीर करून स्वतःच्या हातानं आमंत्रण लिहिलं, तर कॉलेजातल्या लेकीनं पहिलीच ओळ मोठ्यानं वाचली आणि खो खो हसली. ओळ होती, ‘प्लीज कम इन माय ग्रँडसन्स बर्थडे.’

“जाऊ दे, मुलगाच फोन करील,” म्हणत वहिनी कागद फाडायला निघाल्या होत्या.

मैत्रिणींनो, चूक एवढ्याशा ‘इन’ची, पण तिच्यापायी दोन आज्यांनी जन्मभर मुकं राहायचं का? २०१२ सालच्या गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ चित्रपटातली, श्रीदेवीनं साकारलेली पुण्याची शशी आठवते ना? घरच्यांच्या हसण्यानं खचलेली ती लाडूवाली शेवटी न्यूयॉर्कला भाचीच्या लग्नात इंग्रजीतून बोललीच की!

खरं तर घोळ आपल्या ‘ला’चा आहे. आपण म्हणतो, वाढदिवसाला शिरा केला, वाढदिवसाला सायकल घेतली, वाढदिवसाला गेलो. एकच ‘ला’ घरातल्या सुनेसारखा सगळी कामं उपसतो! इंग्रजीनं तीच कामं वाटून दिलीत. म्हणून आधी मनाशी विचारावं, माझ्या ‘ला’चा अर्थ काय?

‘त्या दिवशी’ असा अर्थ असेल, तर ‘ऑन’. ऑन माय बर्थडे, ऑन गुढीपाडवा, ऑन संडे.

‘त्यानिमित्त, त्यासाठी’ असा असेल, तर ‘फॉर’. वाढदिवसाला सायकल घेतली ती ‘फॉर हिज बर्थडे’. ‘वाढदिवसाला या’ म्हणतानाही ‘कम फॉर’ चालतं.

समारंभाला जायचं, बोलवायचं असेल, तर ‘टू’. वी वेंट टू द वेडिंग. तिथं हजर असताना काही घडलं, तर ‘ॲट’. आय मेट हर ॲट द वेडिंग.

आता दिवाळी. सणाचे चार-पाच दिवस मिळून ‘दिवाळीत’ म्हणायचं असेल, तर ‘ॲट दिवाळी’ किंवा ‘ड्युरिंग दिवाळी’. पण नेमका लक्ष्मीपूजनाचा दिवस सांगायचा, तर ‘ऑन’. इंग्रज लोक नाताळच्या दिवसांना ‘ॲट ख्रिसमस’ म्हणतात, आणि २५ डिसेंबरला ‘ऑन ख्रिसमस डे’. तसंच हे.

वेळेसाठी स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे डबे डोळ्यांपुढे आणा. मोठा डबा ‘इन’चा: त्यात वर्ष, ऋतू, महिना. मधला ‘ऑन’चा: त्यात वार आणि तारीख. सगळ्यात लहान ‘ॲट’चा: त्यात घड्याळाची वेळ. लग्न इन मे, ऑन द ट्वेल्फ्थ, आणि मुहूर्त ॲट इलेव्हन.

दोन-चार खाचाखोचा मात्र ध्यानात ठेवा हं. सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’. पण सकाळीला वाराचं नाव जोडलं, की ‘ऑन संडे मॉर्निंग’. रात्री मात्र ‘ॲट नाइट’. ‘गेल्या दिवाळीला’ म्हणताना पुढं काहीच लावू नये, नुसतं ‘लास्ट दिवाळी’. अभिनंदन करताना ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन युवर वेडिंग’. आणि आपल्याकडे ‘अमक्याशी’ लग्न होतं म्हणून ‘मॅरीड विथ’ म्हणायचा मोह होतो. तिथं ‘मॅरीड टू’ म्हणा. शनिवार-रविवारी म्हणजे ‘वीकेंड’ला इंग्लंडात ‘ॲट’ लावतात, अमेरिकेत ‘ऑन’. दोन्ही बरोबर. म्हणजे बघा, ज्यांची ही भाषा, त्यांचंही एकमत नाही!

एवढं झाल्यावर वहिनींनी माझ्याच टेबलावर नवा कागद घेतला आणि लिहिलं: ‘प्लीज कम फॉर माय ग्रँडसन्स फर्स्ट बर्थडे. द पार्टी इज ऑन संडे, ॲट सिक्स इन द इव्हिनिंग, ॲट अवर होम.’

संध्याकाळी त्यांनी तो कागद समोर धरून स्वतःच कोचीला फोन लावला. पलीकडून विहीणबाई आनंदानं म्हणाल्या, “यस, यस! आय विल रीच ऑन मॉर्निंग!”

वहिनींना चूक बरोबर कळली. पण त्या हसल्या नाहीत. “व्हेरी गुड,” एवढंच म्हणाल्या, आणि लेकीकडे बघत पुढं बोलत राहिल्या.