जुनी छत्री, नवी दिशा

तुमच्या गच्चीवर एखादी जुनी डिश, म्हणजे आपली ‘छत्री’, पडून आहे का? रिचार्ज बंद झाला की टीव्ही गप्प होतो आणि छत्रीवर कावळे बसायला लागतात. पण खरं सांगू? छत्री बिघडलेली नसतेच! पैसे असतात ते कंपनीच्या वाहिन्यांचे. छत्री हा नुसता आरसा आहे. त्याचं तोंड दुसऱ्या उपग्रहाकडे वळवलं, तर फुकट वाहिन्याही दिसतात.

दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आता तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. महिन्याचं भाडं शून्य! सह्याद्री तर दिसतेच, शिवाय शाळेचे धडे शिकवणाऱ्या वाहिन्याही दिसतात. नेट पॅक संपला म्हणून अभ्यास अडायला नको.

उपग्रह आहे कुठे?

त्याचं नाव जीसॅट-१५. इस्रोचा हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे तो आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. म्हणून तर छत्री एकदा घट्ट बसवली की झालं!

पुण्याहून तो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच असतो. नागपूरहून १४५ आणि ६० अंश. होकायंत्र मात्र लोखंडापासून लांब धरा, नाहीतर सुई फसवते.

एक गंमत पाहा. छत्री एवढी वर बघताना दिसतच नाही! कॅरममध्ये स्ट्रायकर कडेला तिरपा आपटून कसा वळतो? तशाच वरून येणाऱ्या लहरी छत्रीवर आपटून पुढच्या दांडीवरच्या एलएनबीत शिरतात.

आता कामाला लागा

छत्री आपल्याच मालकीची आहे ना, हे आधी मोठ्यांना विचारा. कंपनीचा जुना बॉक्स बहुधा चालत नाही. ‘फ्री टू एअर’ बॉक्स एकदाच विकत घ्यावा लागतो.

गच्चीवर मोठ्यांनीच जायचं, बरं का! कठड्यावर चढायचं नाही, विजेच्या तारांजवळ जायचं नाही. तुमचं काम खाली, टीव्हीसमोर. आणि तेच खरं महत्त्वाचं!

बॉक्सच्या मेनूत जीसॅट-१५ निवडा. दोन पट्ट्या दिसतील. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी उपग्रह सापडला नसला तरी भरते. तिला भुलू नका. लक्ष ‘क्वालिटी’वर ठेवा. वर बाबांनी किंवा काकांनी नट किंचित सैल करून छत्री तसूभर हलवायची आणि थोडं थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. दोन-तीन अंशांची चूक झाली तरी चित्र जातं. पट्टी वाढली की तुम्ही ओरडायचं, “थांबा!” मग एलएनबी थोडी फिरवून पट्टी आणखी वाढते का ते बघा. शेवटी नट आवळा आणि स्कॅन सुरू करा.

पुढे कधी धो-धो पावसात चित्र गेलं, तर लगेच पाना घेऊन धावू नका. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही थोडी मिनिटं चित्र अडखळतं. छत्री तशीच राहू द्या. पाऊस ओसरला, सूर्य सरकला, की चित्र आपोआप परत येतं!