स्वयं-उलगडणारा संग्रह : रचना व विश्वासार्हता

संशोधनासाठी सिद्ध केलेली आज्ञावली किंवा सामग्री इतरांच्या हाती द्यावयाची झाल्यास अनेक फाइली एकत्र बांधून त्यांचे आकारमान कमी करणे, ही पहिली पायरी होय. या कामी सर्वाधिक रूढ असलेली ‘झिप’ ही रचना फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रचारात आणली. असा संग्रह उघडण्यास मात्र घेणाऱ्यापाशी वेगळे साधन असावे लागते. ही अडचण टाळण्यासाठी उलगडणारी आज्ञावलीच संग्रहाच्या आरंभी जोडून देतात. अशा जोडफाइलीस स्वयं-उलगडणारा संग्रह म्हणतात.

भिन्न स्वरूपाच्या दोन फाइली एकीपुढे एक जोडल्या असता दोन्ही शाबूत कशा राहतात, असा प्रश्न अभ्यासकास सहजच पडेल. याचे उत्तर त्यांच्या वाचनाच्या दिशेत आहे. विंडोज प्रणाली चालवावयाची फाइल आरंभापासून वाचते. ‘एमझेड’ ही दोन अक्षरे व त्यानंतरचे वर्णन पाहून आवश्यक तेवढाच भाग ती स्मृतीत घेते आणि मागे जोडलेल्या मजकुराकडे दुर्लक्ष करते. उलटपक्षी, झिप संग्रहाची अनुक्रमणिका शेवटी असते आणि तिचा ठावठिकाणा सांगणारी किमान २२ बाइटांची नोंद तिच्याही मागे असते. वाचन तेथून उलट सुरू होते. यास्तव दोहोंस परस्परांची बाधा होत नाही.

इन्स्टॉलर याच तत्त्वावर उभा असला, तरी त्याचे कार्य अधिक व्यापक आहे. फाइली योग्य स्थळी ठेवणे, प्रणालीच्या नोंदवहीत नोंदी करणे आणि पुढे सर्व काही काढून टाकण्याची सोय ठेवणे, ही कामे तो करतो. १९९७ पासून उपलब्ध असलेले ‘इनो सेटअप’ हे त्याच्या निर्मितीचे एक परिचित साधन होय.

परंतु या सोयीची किंमत ध्यानात घेतली पाहिजे. साधा संग्रह उघडणे म्हणजे वाचणे; स्वयं-उलगडणारा संग्रह उघडणे म्हणजे परक्याची आज्ञावली चालविणे. झिपमधील ३२ बिटांचा तपासणी-अंक वाटेत अपघाताने झालेला बिघाड दाखवितो; हेतुपुरस्सर केलेला बदल नव्हे, कारण बदल करणारा तो अंकही नव्याने लिहू शकतो. म्हणून अंकीय स्वाक्षरीची योजना झाली. तथापि विंडोजमध्ये ही स्वाक्षरीही फाइलीच्या अंती राहते, आणि तिचा स्वतःचा भाग पडताळणीच्या गणितातून अर्थातच वगळावा लागतो. त्या भागात मागाहून मजकूर घातला तरी स्वाक्षरी ग्राह्य ठरे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये यावर कडक पडताळणीचा उपाय काढला. पण जुलै २०१४ मध्ये तो सर्वांस लागू न करता ऐच्छिक ठेवला. जी रचना जोडणीस उपकारक, तीच पडताळणीस अडचणीची ठरली, हे येथे स्पष्ट दिसते.

यावरून व्यवहारात एवढाच निष्कर्ष निघतो की, केवळ सामग्री द्यावयाची असेल तेथे साधा संग्रहच द्यावा. इन्स्टॉलर अपरिहार्य असेल तेथे त्यावर स्वाक्षरी करावी आणि संपूर्ण फाइलीचा ‘एसएचए-२५६’ अंक निराळ्या मार्गाने प्रसिद्ध करावा. फाइलीसोबतच पाठविलेला अंक फाइलीइतकाच बदलता येतो. त्याने विश्वासात भर पडत नाही.