मागच्या चाकांचे ड्रम

पावसाळा सरला की आमच्या जुन्या मारुती ८०० चे मागचे ब्रेक मी घरीच उघडतो. पुढच्या डिस्कचं पॅड किती उरलंय ते चाकाच्या फटीतून तरी दिसतं, मागचे ड्रम मात्र चहूबाजूंनी झाकलेले. आत लायनर झिजतं, सिलेंडर पाझरू लागतो, तरी गाडी थांबत राहते, कारण थांबवण्याचा मोठा भार पुढची चाकं उचलतात. पायाला काही कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून तक्रार नसतानाच ड्रम उघडावा, या मताचा मी आहे.

कळंबची काळी माती जॅकला भरवशाची नाही, तो हळूहळू रुततो. त्यामुळे गाडी फरशीवर घ्यायची, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे, हँडब्रेक सोडायचा आणि गाडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली हात घालू नये.

मधली टोपी, स्प्लिट पिन आणि नट काढला तरी ड्रम सहसा निघत नाही. झिजून त्याच्या कडेला धार आलेली असते आणि लायनर बसवलेले ब्रेक शू तिला अडतात. हातोड्याचे घाव घालण्यापेक्षा शू आत सरकवून घेतले की तो सुटतो. आतली काळी भुकटी फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसायचं.

मग खरं पाहणं सुरू होतं. पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे तो मागच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही. डाव्या आणि उजव्या चाकांत मात्र मोठा फरक असेल तर कारण शोधायचंच: एखादा सिलेंडर अडकलाय किंवा हँडब्रेकची केबल गंजलीय. सिलेंडरची रबरी टोपी हलकेच उचलून बघायची. आत ब्रेक ऑइल साचलेलं दिसलं तर रबरी वॉशर गेले. ऑइल लायनरवर उतरलं असेल तर ते धुऊन, घासून वापरणं मला मान्य नाही, कारण लायनर ते पिऊन घेतं आणि तापल्यावर पुन्हा ओकतं. शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे. ड्रमला बोटाला लागतील अशा खोल रेघा असतील तर तो लेथवर जातो, पण त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच.

एका वेळी एकच चाक खोलायचं, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते दुसऱ्या चाकावर बघता येतं.

सिलेंडर उघडला असेल तर लाइनमधली हवा काढावी लागते. तिथे पुतण्या लागतो. तो पॅडल मारून दाबून धरतो, मी निप्पल ढिलं करतो. नळीतून बुडबुडे येतात, निप्पल आवळल्यावरच मी "सोड" म्हणतो. "काका, आता पॅडल घट्ट लागतंय," असं तो म्हणेपर्यंत हे चालतं, आणि मधूनमधून वरच्या टाकीत ऑइल भरत राहावं लागतं. ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते.

येरमाळ्याच्या घाटात याचा अर्थ कळतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून पॅडल खोल जातं. त्यात ऑइल उकळलं तर वाफच दाबली जाते. तिथे खालचा गिअर हवाच.

जोडणीनंतर आधी रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात चाचणी. थोडं चालवून झालं की मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्यायचा. एक जास्त तापलं असेल, तर त्याचे शू घासतायत. ते चाक पुन्हा खोलायचं.