स्वयंपूरक झरणी : रचना व तत्त्व

फाउंटन पेनास मराठीत 'झरणी' हे समर्पक नाव मिळाले आहे. या नावातून शाई झरण्याची क्रिया सूचित होते. शाई भरण्याची क्रिया मात्र सूचित होत नाही. शाई कागदावर बेताने उतरविण्याचा प्रश्न न्यूयॉर्क येथील लुई एडसन वॉटरमन याने १८८४ साली मिळविलेल्या पेटंटानंतर पुष्कळ अंशी सुटला. त्यापुढील सुमारे सत्तर वर्षे कारागिरांची बुद्धी राबली ती बव्हंशी दुसऱ्याच प्रश्नावर : पेन शाईने भरावयाचे कसे? तरफ, बटण, दट्ट्या, पडदा, नळी अशा नाना युक्त्या या काळात निघाल्या. वरवर पाहता त्यांच्यात साम्य दिसत नाही. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एकच अडचण आहे. ती अडचण कोणती व प्रत्येक युक्तीने तिचे निवारण कितपत केले, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे खरे स्वरूप

पेन शाई 'ओढून घेते' असे आपण बोलतो. शास्त्रदृष्ट्या हे बोलणे सैल आहे. शाईला ओढणारे असे पेनात काहीच नसते. दौतीतील शाईच्या पृष्ठभागावर वातावरणाचा जो दाब असतो, तोच तिला वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीवर सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. पेन भरताना शाई चढावयाची असते ती फार तर आठ-दहा सेंटिमीटर. म्हणजे पेनातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा शेकडा एकने कमी झाला, तरी शाई वर चढण्यास तेवढे पुरते.

तेव्हा शाई चढविण्यास फारसे बळ लागत नाही. अडचण निराळीच आहे. रिकामे पेन वस्तुतः रिकामे नसते. ते हवेने भरलेले असते. ती हवा बाहेर गेल्यावाचून शाईला आत जागा नाही. पेनाला जाण्यायेण्याची वाट तर एकच : निब व तिच्या खालची जीभ यांमधील अरुंद चीर. याच वाटेने हवा बाहेर जावयाची व याच वाटेने शाई आत यावयाची. हवा किती काढता येते यावर शाई किती भरणार हे ठरते. स्वयंपूरक झरणीचा इतिहास म्हणजे हवा बाहेर घालविण्याच्या उपायांचा इतिहास होय.

ड्रॉपरने भरावयाच्या पेनात ही अडचण उद्भवतच नाही. निबेचा भाग फिरवून काढला की नळीचे तोंड सबंध उघडते. शाई थेंबाथेंबाने आत पडते आणि हवा तिच्या शेजारून सुखाने बाहेर निघते. महाराष्ट्रातील शाळांतून कित्येक पिढ्यांनी अशीच पेने वापरली. तथापि ड्रॉपर, उघडी दौत व उघडे पेन ही तिन्ही एकाच वेळी सांभाळताना बोटे निळी होतात आणि कधी वहीही निळी होते. आट्यांना मेण लावले नाही, तर तेथूनही शाई पाझरते. पेन न उघडता भरता यावे, ही इच्छा या गैरसोयीतून जन्मास आली.

रबरी पिशवी

पहिला यशस्वी उपाय रबराने पुरविला. पेनाच्या नळीत एक बारीक रबरी पिशवी बसवावयाची. तिचे तोंड जिभेच्या मागे जोडावयाचे. निब शाईत बुडवून पिशवी दाबली की आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. दाब काढताच रबर आपल्या स्थितिस्थापकतेमुळे मूळ आकार घेऊ लागते, आत अंशतः निर्वात निर्माण होतो आणि बाहेरील हवा शाईला वर ढकलते.

पिशवी नळीच्या आत असल्यामुळे ती दाबावी कशी, एवढाच प्रश्न उरला. अमेरिकेतील टोलेडो शहरी रॉय कॉन्क्लिन याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणलेल्या पेनाला पाठीवर धातूची चंद्रकोर असे. ती अंगठ्याने दाबली की आतील पट्टी पिशवीवर टेके; एरवी ती दाबली जाऊ नये म्हणून खाली एक फिरते कडे बसविलेले असे. या कोरीमुळे पेन मेजावरून घरंगळत नसे, हाही एक लाभच. मार्क ट्वेन या विख्यात लेखकाने या पेनाच्या जाहिरातीस आपले नाव दिले होते.

मात्र ही कोर बोटांस टोचे. आयोवा संस्थानातील फोर्ट मॅडिसन गावचा जवाहिऱ्या वॉल्टर शेफर याने १९०८ साली तरफेच्या रचनेचे पेटंट मिळविले आणि हा दोष दूर झाला. नळीच्या अंगात बसविलेली लहानशी तरफ नखाने उचलली की तिचे आतील टोक पोलादी पट्टीस दाबते व पट्टी पिशवीस सपाट करते. काम झाल्यावर तरफ नळीच्या पृष्ठभागाशी एकजीव होऊन बसते. पार्करच्या कारखान्याने हेच काम नळीच्या शेवटी झाकलेल्या बटणाकडून करून घेतले. बटण आत रेटले की लांब पट्टी वाकते व पिशवी दाबली जाते.

या पद्धतीची मर्यादा हिशेबाने स्पष्ट होते. समजा, पिशवीचा आतील व्यास ६ मिलिमीटर व लांबी ५० मिलिमीटर आहे. तिचे घनफळ सुमारे १.४ घनसेंटिमीटर भरेल. पट्टीने ती कितीही दाबली, तरी दोन्ही टोके व कडा यांत काही हवा राहतेच. ही राहिलेली हवा शेकडा वीस धरल्यास भरणारी शाई १.१ घनसेंटिमीटरच्या आसपास असेल. पुन्हा तरफ उचलून ही तूट भरून निघत नाही. कारण निब खाली असल्याने दुसऱ्या खेपेस प्रथम शाईच बाहेर जाते, आणि हवा वरच्या बाजूस तशीच अडकून राहते.

येथेच वापरणाऱ्याच्या एका नेहमीच्या चुकीचा उलगडा होतो. तरफ मिटताच पेन शाईतून काढले, तर ते अर्धेच भरते. जिभेच्या बारीक चरांतून शाई सावकाश वाहते. पिशवी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. शिवाय सबंध निब व जिभेचे मूळ बुडालेले नसल्यास शाईऐवजी हवाच आत शिरते, कारण तिचा मार्ग अधिक सोपा असतो.

पिशवीचा त्याग

पिशवीमुळे दुसरेही नुकसान होते : ती, तिची पट्टी व तरफ यांनी नळीतील बरीच जागा अडते. सबंध नळीच शाईची कोठी केली तर? लंडनच्या डी ला रू कंपनीने १९०५ साली काढलेल्या 'ओनोटो' पेनात हे साधले होते. त्यात लांब दांडीच्या टोकास एक चकती असते. दांडी मागे ओढून, निब शाईत बुडवून, ती एका झटक्याने पुढे रेटली की चकतीपुढील हवा बाहेर जाते आणि चकतीमागे निर्वात निर्माण होतो. निबेच्या जवळ नळी आतून किंचित रुंद केलेली असते. चकती तेथे पोचताच तिच्या कडेने वाट मोकळी होते व शाई मागील पोकळीत वेगाने शिरते.

आरंभी चकतीमागे ०.१ घनसेंटिमीटर हवा असून ती २ घनसेंटिमीटर जागेत पसरली असे मानल्यास, बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब मूळच्या एकविसांश होतो. शाई शिरून तो पूर्ववत होईपर्यंत हवा पुन्हा आपल्या ०.१ घनसेंटिमीटरच्या जागेत दबली जाते. उरलेली सर्व जागा शाईची. दांडीच्या भोकातून हवा शिरत असल्यामुळे प्रत्यक्षात इतके पूर्ण यश येत नाही. तरी एकाच हालचालीत कोठी जवळजवळ भरते.

हॅनोव्हर येथील पेलिकन कारखान्याने १९२९ साली बाजारात आणलेली रचना याहून सरळ आहे. तिच्यात दट्ट्या शाईबरोबरच मागे सरकतो. हंगेरियन अभियंता थिओडोर कोव्हाक्स याच्या कल्पनेप्रमाणे मागील मुठीस दोन प्रकारचे आटे असतात, एक दाट व एक उतरता. त्यामुळे मूठ थोडीच वर येते आणि दट्ट्या मात्र बराच लांब सरकतो. येथे स्थितिस्थापकतेवर काहीच अवलंबून नाही. दट्ट्या जितकी जागा मोकळी करील तितकी शाई आत येते. जिभेच्या पोकळीत राहिलेली हवा काय ती शिल्लक उरते.

श्वासनलिकेची युक्ती

एका हालचालीत हवा पुरती जात नसेल, तर अनेक हालचालींत ती काढावी, हा विचार १९३३ सालच्या पार्कर 'व्हॅक्यूमॅटिक' पेनात दिसतो. नळीच्या मागील टोकास रबरी पडदा असून तो लहान दांडीने मागेपुढे हलविता येतो. परंतु खरे मर्म जिभेपासून कोठीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेल्या बारीक नळीत आहे. हिला श्वासनलिका म्हणता येईल. पडदा दाबला की कोठीच्या माथ्याशी असलेली हवा या नलिकेतून बाहेर जाते. पडदा मागे आला की शाई त्याच नलिकेतून वर येऊन कोठीत सांडते. नलिकेचे तोंड शाईच्या पातळीच्या वर असल्यामुळे आत आलेली शाई पुढील खेपेस फारशी बाहेर जात नाही. आठ-दहा वेळा दाबल्यावर पातळी नलिकेच्या तोंडापर्यंत चढते आणि मग हवेऐवजी शाईच बाहेर येऊ लागते. 'पार्कर ५१' या पेनाच्या १९४८ नंतरच्या प्रकारात हीच नलिका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बसविण्यात आली. ज्या पिशवीला दुसऱ्यांदा दाबणे व्यर्थ होते, तिलाच आता पुनःपुन्हा दाबून भरता येऊ लागले.

१९५२ सालच्या शेफर 'स्नॉर्केल' पेनात निबेखालून एक बारीक नळी बाहेर येते व तीच तेवढी शाईत बुडवावी लागते. पिशवी दाबण्याचे काम दट्ट्याने कोंडलेली हवा करते. येथे हवाच हवेला बाहेर घालविते असे म्हणावयास हरकत नाही.

वातावरणाचा आधार न घेणारे उदाहरण म्हणून १९५६ सालच्या 'पार्कर ६१' पेनाचा उल्लेख केला पाहिजे. त्यात हलणारा भागच नाही. पेनाचे मागील टोक शाईत उभे केले की आतील गुंडाळलेल्या पातळ पत्र्याच्या फटींतून शाई केशाकर्षणाने चढते. शाईचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला ५० डाइन धरल्यास ०.१ मिलिमीटर रुंदीची फट सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पेलते. म्हणजे तत्त्व निर्दोष आहे. हवेला वरच्या बाजूने स्वतंत्र वाट मिळत असल्याने तीही अडत नाही. परंतु ज्या सूक्ष्म फटींमुळे शाई चढते, त्यांतच ती वाळते. आणि एकदा वाळली की धुऊन काढणे फार जिकिरीचे होते.

गळती व जीर्णता

भरताना घालविलेली हवा लिहिताना परत येते. जितकी शाई उतरते तितकी हवा जिभेच्या चरांतून आत शिरते. ती न शिरल्यास लेखन थांबते. हीच हवा पुढे गळतीचे कारण होते. नळीत २ घनसेंटिमीटर हवा असून हाताच्या उबेने तिचे तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेले, तर ती सुमारे ०.०७ घनसेंटिमीटरने फुगते व तितकी शाई, म्हणजे सव्वा-दीड थेंब, बाहेर लोटते. जिभेवरील आडव्या खाचा हा जादा थेंब धरून ठेवण्यासाठीच असतात. भरलेले पेन गळत नाही आणि अर्धे रिकामे गळते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याचे कारण शाईत नसून हवेत आहे.

दुसरा दोष द्रव्याचा. सोयीची सारी मदार ज्या रबरावर, तेच सर्वांत आधी जीर्ण होते. उष्णता, शाईतील रसायने व हवेतील प्राणवायू यांच्यामुळे पिशवी कालांतराने कडक होते किंवा चिकट होऊन विरघळते. रबर पक्के करताना घातलेल्या गंधकाच्या वाफांनी सेल्युलॉइडची नळी आतून काळवंडते. दट्ट्याच्या पेनांतील सुरुवातीची बुचाची चकती वाळून आकसत असे. निब पन्नास वर्षे टिकते, नळीही टिकते. पिशवी मात्र बदलावी लागते, आणि ती बदलणारा कारागीर मिळेल तोवरच पेन जिवंत राहते.

या दृष्टीने पाहता ड्रॉपरचे पेन आजही का टिकून आहे हे समजते. आंध्रातील राजमहेंद्री येथे १९३० च्या दशकात सुरू झालेला एबोनाइटच्या पेनांचा हस्तव्यवसाय अद्याप चालू आहे, आणि तेथील पुष्कळशी पेने ड्रॉपरनेच भरतात. त्यांत दमणारे रबर नाही, गंजणारी पट्टी नाही. सबंध नळी शाईला मोकळी आहे. त्याबद्दल हवेच्या प्रसरणाचा उपद्रव मात्र त्यांना अधिक सोसावा लागतो. स्वयंपूरक रचनांनी बोटे स्वच्छ ठेवली, परंतु त्याचे मोल शाईच्या जागेत व भागांच्या आयुष्यात चुकते केले. कोणती रचना श्रेष्ठ, हा वाद त्यामुळे निरपेक्षपणे मिटणारा नाही. हवा केव्हा बाहेर घालवावी व केव्हा आत घ्यावी, या एका व्यवहाराचा हिशेब प्रत्येक झरणी आपापल्या रीतीने मांडते, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.