प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी मागच्या खोलीत वायफाय गायब? बिघाड नेमका कुठे, असा ओळखा

नांदेड/लातूर : ऑनलाइन मॉक टेस्ट अर्ध्यावर येते आणि स्क्रीनवर चकरी फिरू लागते. प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस असतो आणि नेमके तेव्हाच पान उघडत नाही. शिकवण्यांसाठी मुले येऊन राहतात त्या लातूर आणि नांदेडमध्ये ही तक्रार नवी नाही. पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्यांचेही रडगाणे तेच. मग कुणी कंपनीला शिव्या घालतो, कुणी महागडा प्लॅन घेतो. पण बिघाड लाइनमध्ये आहे की घरातल्या वायफायमध्ये, हे कळल्याशिवाय दोन्ही व्यर्थ. ते ओळखायला १० मिनिटे पुरतात.

आधी ठरवा : लाइन की वायफाय?

घरापर्यंत इंटरनेट फायबरच्या तारेने येते. तिथून मोबाइलपर्यंत ते रेडिओ लहरींनी जाते. हे दोन वेगळे टप्पे आहेत.

■ डब्यावरचा ‘लॉस’ दिवा लाल झाला असेल, तर फायबरचा सिग्नलच येत नाही. वायर कपाटामागे दबली किंवा मुडपली नाही ना, एवढे पाहा. फायबरच्या आत काच असते. तांब्याच्या वायरीसारखी ती करकचून वळवली की प्रकाश गळतो. वायर ठीक असेल तर थेट तक्रार करा.
■ दिवे हिरवे आहेत, तरी नेट संथ? लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. लॅपटॉप नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपासून दोन मीटरवर उभे राहा. त्या वेळी घरातील इतर मोबाइल आणि टीव्हीचे वायफाय बंद ठेवा.
■ केबलवरही वेग कमी असेल तर दोष लाइनचा. राउटरजवळ उत्तम आणि मागच्या खोलीत खराब असेल तर दोष वायफायचा.

टेस्ट सकाळी, दुपारी आणि रात्री ९ वाजता अशी तीनदा करा. रात्री केबलवरही वेग पडत असेल, तर कंपनीच्या लाइनवर गर्दी आहे. केबलवर ठीक आणि वायफायवर खराब असेल, तर गर्दी शेजारच्या राउटरची आहे.

हिशेबही लक्षात ठेवा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. ८ बिटचा एक बाइट होतो, म्हणून फाइल डाउनलोड होताना सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटच दिसतील. ही फसवणूक नव्हे.

दोन नावे दिसतात, कोणते निवडायचे?

अनेक राउटर दोन नावे दाखवतात. त्यातल्या एकापुढे ‘५जी’ लिहिलेले असते. त्याचा मोबाइलच्या ५जी सिमशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. हा पट्टा वेगवान, पण भिंती पार करताना लवकर दमतो. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण त्याचा वेग कमी. राउटरच्याच खोलीत अभ्यास करत असाल तर ५ गिगाहर्ट्झ, दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४.

भिंत, कूलर आणि लोखंडी कपाट

गावठाणातील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि नव्या घरांचा लोखंडी सळयांचा स्लॅब, दोन्ही लहरी अडवतात. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसाही तेच करतात. उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक अडथळा येतो, तो म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी आणि आत पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेते.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवा. वरच्या मजल्यासाठी स्वस्त रिपीटर घेण्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसरा राउटर बसवणे चांगले. साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

खोल्या दहा, राउटर दहा

होस्टेल आणि भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत प्रत्येकाचे वायफाय असते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. वायफाय अॅनालायझर अॅपमध्ये कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते पाहून, राउटरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच जास्त आहे.

ऊन आणि वीज

घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा त्यापुढे जातो. टीव्हीच्या बंद कप्प्यात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला राउटर दुपारी अडखळतो आणि रात्री सुधारतो, तो यामुळेच.

वीज गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अॅम्पिअर तपासा. तरीही नेट गेले, तर परिसरातील केबलचालकाच्या खांबावरच्या उपकरणाची वीज गेलेली असू शकते.

रिस्टार्ट करा, रिसेट नको!

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करणे म्हणजे रिस्टार्ट. मागच्या छिद्रात टाचणी घालणे म्हणजे रिसेट. त्यात कंपनीने भरलेला युजर आयडी आणि पासवर्ड पुसला जाऊ शकतो, आणि माणूस येईपर्यंत नेट बंद.

तक्रार अशी करा

तक्रार फक्त केबलवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. बिलावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. केबल लावून केलेल्या टेस्टचे, वेळेसह स्क्रीनशॉट जोडा. ‘तुमचे वायफायच खराब’ हे उत्तर मग देता येत नाही. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते आणि त्याला शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परीक्षेच्या किंवा फॉर्मच्या दिवशी

● लॅपटॉप लॅन केबलवरच ठेवा.
● घरातल्या सर्व मोबाइलचा फोटो बॅकअप बंद करा. तो अपलोडचा वेग खातो.
● दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी एकदा जोडून पाहा.
● फॉर्म शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. घरचे वायफाय ठणठणीत असले, तरी त्या रात्री पोर्टलवरही गर्दी असते.