ओटीवरचा डाव आणि कायदा

मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीपासून आंबडव्यापर्यंत, वर्षभर कुलूपबंद असलेली चाकरमान्यांची घरे गणेशोत्सवात उघडतात आणि जागरणाच्या निमित्ताने ओटीवर पत्त्यांचा डाव मांडला जातो. हा परिपाठ इतका जुना आहे की आपल्या घरातील या बैठकीशी सरकारी कायद्याचा काही संबंध असेल, अशी शंकाही यजमानाच्या मनाला शिवत नाही. ती शिवावी, असे मला कळकळीने वाटते.

महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा. पत्त्यांच्या बाबतीत मंडळी आप्त आहेत की परकी याहून, घरधन्याला जागेच्या किंवा जुगाराच्या साधनांच्या वापरातून काही प्राप्ती होते काय, हाच प्रश्न तो निर्णायक मानतो. स्नेह्यांनी आपसांत खेळावे आणि घराने काहीही घेऊ नये, तोवर ते घर जुगारगृह ठरत नाही. परंतु प्रत्येक डावामागे नाल, म्हणजे घराचा वाटा, काढली जाऊ लागली की यजमान आरोपी होऊ शकतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असून तीन पत्तीसारखा निव्वळ दैवाधीन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात म्हटले, आणि सोयीसुविधांपोटी क्लबाने घेतलेले माफक शुल्क म्हणजे नफा नव्हे, असेही मानले. मात्र पैसे लावून खेळलेल्या रमीतूनही मालक नफा काढीत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, हे त्याच निकालातील वाक्य लोक सोयीस्करपणे विसरतात.

अधिक कठोर आहे ते याच कायद्यातील गृहीतक. रीतसर वॉरंटानिशी छापा पडला आणि मुद्देमालात जुगाराची साधने मिळाली, तर प्रत्यक्ष खेळताना कोणी दिसले नसले तरी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते जुगारगृह आणि उपस्थित मंडळी जुगारासाठीच आलेली, असे कायदा धरून चालतो. घराची किल्ली पुतण्याकडे सोपवून मुंबईस राहणारा मालकही, तेथे अड्डा चालतो हे जाणून स्वस्थ बसला, तर सुटत नाही.

त्यात मद्याची भर पडली की 1949 चा दारूबंदी कायदा लागू होतो. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, हे पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. परंतु जेथे एकाहून अधिक माणसे नित्य पिण्यास बसतात अशी जागा, घरधन्याने एक पैसाही घेतला नसला तरी, सार्वजनिक मद्यपानगृहाच्या व्याख्येत येते, आणि ती चालविणाऱ्याबरोबर तेथे पिताना सापडलेल्या पाहुण्यासही स्वतंत्र शिक्षा सांगितलेली आहे.