गाडीच्या मागून येणारा गुणगुणाट

भाजी, दूध, पापड बाजारात न्यायला काही गटांनी छोटा टेम्पो घेतला आहे. कर्जाचा हप्ता त्याच्याच फेऱ्यांवर फिटतो. म्हणून मागून गुणगुण ऐकू आली की ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणू नका, असं आम्ही गटांना सांगतो.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो ना, तो डिफरन्शियल. आत पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक आणि क्राउन म्हणजे मोठं. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन क्राउनला आणि क्राउन चाकांना.

आवाज नेमका केव्हा येतो, हे ड्रायव्हरदादांना विचारा. अॅक्सिलेटर दाबल्यावर सूर चढत असेल आणि सोडल्यावर बदलत असेल, तर संशय क्राउन-पिनियनवर. दाबा की सोडा, वेगाबरोबर घरघर वाढतेच, तर बहुधा बेअरिंग. रस्ता बदलला की आवाज बदलतो? मग टायर बघा. निघताना ‘खट्’ होत असेल तर आधी शाफ्टचे क्रॉस तपासायला सांगा, ते कमी खर्चाचं काम आहे.

मग ऑइल. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. बऱ्याच गाड्यांत भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल हवं. कमी असेल तर शाफ्टजवळचं सील गळतंय का पाहा. थोडं ऑइल चिमटीत चोळा. पिठासारखी करडी पूड चालते, चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा म्हणजे गोळा उघडायलाच हवा. जाड ऑइल ओतून आवाज दाबता येतो, झिजलेला दात भरून येत नाही. विकत घेतलेल्या जुन्या गाडीत तर हे बघाच.

‘एकटं पिनियन बदलतो, स्वस्तात होईल’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. ही जोडी कारखान्यातच एकमेकांना जुळवलेली असते, म्हणून दोन्ही एकदम बदलतात. बेअरिंग आणि सीलही नवं. बसवताना दातांना रंग लावून ठसा दाताच्या मधोमध उमटतो का पाहतात, दोन दातांमधली ढिलाई डायल गेजने मोजतात आणि पातळ चकत्या घालून ती कंपनीच्या मापात आणतात. गेज आहे का, हे काम देण्याआधीच विचारा. अंदाजाने बसवलेली नवी जोडीही ओरडते. जुने भाग परत मागून घ्या, संकोच नको.

नवी जोडी बसल्यावर सुरुवातीचे काही दिवस गाडी निम्म्या ओझ्यावर चालवा, बाजाराच्या दिवशी दुसरी फेरी करावी लागली तरी.